नांदेडला चारच संघ

यंदापासून मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलच्या अंतिम फेरीला नांदेडात चारऐवजी आठ संघ खेळणार, ही बातमी मला नातीनं दिली. ती नांदेडला शिकते. फुटबॉलशी तिचा संबंध एवढाच, की तिच्या वर्गातली एक मुलगी खेळते.

"आजी, तू तर चारवाली होतीस ना?" फोनवर ती म्हणाली.

"कोण म्हणालं तुला?"

"आमचे खेळाचे सर. म्हणे लातूरच्या एक मॅडम होत्या, त्या असेपर्यंत आठचं नाव काढायची सोय नव्हती. मी म्हटलं, त्या माझी आजी. तर सर एकदम गप्पच झाले."

आदरानं गप्प झाले असं तिला वाटलं. वाटू दे, लेकरू आहे.

त्याच दिवशी आमच्या निवृत्त क्रीडाशिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण पेटलं. ज्यांना आता जिना चढताना कठडा धरावा लागतो ते सगळे फुटबॉलवर बोलायला लागले. निम्मे म्हणाले, आठ केले तर खेळ वाढेल. निम्मे म्हणाले, दर्जा घसरेल. दर्जा हा शब्द वाचला की मला एक बाई दिसते. वय छप्पन्न. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर गॉगल, पायात पांढरेशुभ्र बूट. ते पांढरेशुभ्र राहिले, कारण बाई मैदानात कधी उतरलीच नाही. फुटबॉल तिला पुस्तकातून आला होता, आणि पुस्तकसुद्धा तिनं ऑफसाइडच्या पानावर मिटून ठेवलं होतं. ही बाई म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीची मी. छप्पन्नाव्या वर्षी माणूस तरुण असतो, हे मला आता कळतंय. आणि तरुण माणसं मूर्ख असतात, हे तेव्हाही दिसायला पाहिजे होतं.

मी लातूरच्या एका कॉलेजात खेळ शिकवायची. पद्धत अशी होती की लातूरकडच्या कॉलेजांनी आपसात साखळी सामने खेळायचे, नांदेडकडच्यांनी आपसात, आणि दोन्हीकडचे पहिले दोन-दोन संघ नांदेडला अंतिम फेरीला जायचे. विद्यापीठाचा संघ निवडायचा तो याच चार संघांतून. निवड समिती तेवढेच सामने बघायची. पाचव्या संघात कोणी कितीही चांगली असली, तरी तिला बघायला कोणी औसा-शिरूरच्या वाटेला जात नव्हतं.

आमच्या बाजूला पाच कॉलेजं होती. त्यातली दोन कागदावरची. तपासणीला समिती आली की एवढ्या खेळांचे संघ आहेत असं दाखवावं लागायचं, म्हणून अकरा नावं आणि अकरा फोटो पाठवून द्यायचे. सामन्याच्या दिवशी मात्र कोणी फिरकायचं नाही. मग समोरच्या संघानं काय करायचं, याचा नियम सोपा होता. मैदानात अकराजणींना ओळीत उभं करायचं, पंचानं पंधरा मिनिटं वाट बघायची, शिट्टी मारायची, वॉकओव्हरचे तीन गुण घ्यायचे आणि घरी जायचं. माझ्या संघानं त्या वर्षी दोन वॉकओव्हर घेतले, दोन्ही वेळा फोटो काढले, भजी खाल्ली. माझ्या पोरींचा त्या मोसमातला सगळ्यात चांगला खेळ तो. उदगीरनं आम्हाला हरवलं. शिरूर अनंतपाळशी आम्ही शून्य-शून्य बरोबरी केली. आमचे गुण झाले सात.

त्या शून्य-शून्यचं श्रेय आम्हाला देऊ नका. आम्हाला गोल करता आला नाही, कारण शिरूरची गोलकीपर. काळीसावळी, काटकुळी, हातात मोटारसायकलवाल्यांचे हातमोजे, अंगठ्याला भोक पडलेले. बॉल कुठं येणार हे तिला मारणारीच्या आधी कळायचं. उदगीरलाही तिनं एक गोल करू दिला नाही, तो सामनाही बरोबरीत सुटला. शेवटच्या वर्षाला होती. विद्यापीठाच्या संघात जायचं तर याच साली, आणि नांदेडला गेली तरच.

आणि शिरूरवाले काय करून बसले बघा.

त्यांच्या खेळाचा कार्यभार इतिहास शिकवणाऱ्या एका तरुण सरांकडे होता. औशाच्या मैदानावर त्यांचा सामना कागदी संघाशी होता. पोरी पहाटेच्या एसटीनं निघून पोचल्या, तर समोर कोणी नाही. नियमाप्रमाणे ओळीत उभं राहून परत फिरायचं. पण मैदानाभोवती बाजाराला आलेली माणसं जमली होती. मुलींचा फुटबॉल आहे म्हणून बायका कडेला बसल्या होत्या. त्या कॉलेजच्या सात-आठ पोरी नुसत्या बघायला आल्या होत्या, पंजाबी ड्रेसवर. सरांना वाटलं, एवढ्या लांब आलोत, लोकंबी थांबलेत, तर खेळूनच जाऊ. त्या सात-आठजणींना ओढण्या कमरेला बांधायला लावून मैदानात घेतलं. त्या कमी पडल्या म्हणून आपल्या राखीव पोरी त्यांना दिल्या. आणि त्यांच्याकडं गोलकीपर नाही म्हणून आपली गोलकीपर दिली.

आता ती पोरगी. दुसऱ्याच्या गोलात उभी केली म्हणून काय झालं? बॉल आला की अडवायचा एवढंच तिला ठाऊक. आपल्याच मैत्रिणींचे बॉल तिनं नव्वद मिनिटं अडवले. शून्य-शून्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि सरांनी, त्या इतिहासाच्या माणसानं, स्कोअरशीटवर खरं ते लिहिलं: बरोबरी. सही केली. पंचाच्या हातातही तेच शीट, त्यानंही सही केली. तीन गुणांच्या जागी एक. शिरूरचे झाले सहा.

आमचे सात. आम्ही दुसरे, ते तिसरे. ही हकीकत मला औशाच्या पंचानं हसत हसत फोनवर सांगितली, आणि मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसले.

नंतर नांदेडला बैठक लागली. विषय एकच: अंतिम फेरीला चारऐवजी आठ संघ घ्यावेत का. अर्ज शिरूरच्या सरांचा. वॉकओव्हरचे तीन गुण परत द्या असं ते म्हणू शकले असते. समोरच्या बाजूनं आपल्याच पोरी खेळल्या, म्हणजे तो सामनाच नव्हता. पण खाली सही त्यांची. सही खोटी होती असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. म्हणून बिचाऱ्यानं दार मोठं करायला सांगितलं.

आम्ही सातजण मतं देणार होतो. चहा आला, बिस्किटं आली. अध्यक्षांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून पडलं, आणि बैठकीतला त्यांचा सगळा वेळ ते काढण्यात गेला.

सर उभे राहिले. "आठ केले तर लेकरं खेळतील, एवढंच म्हणणं हाय माझं. आमच्याकडं एक पोरगी हाय, तिला कुणी बघितलं तरी..."

"एका पोरीसाठी नियम बदलायचा?" मी विचारलं.

"तसं न्हाई मॅडम."

"मग कसं? आज आठ, उद्या सोळा. लग्नाची पंगत आहे का ही, बसंल त्याला वाढायला? अंतिम फेरीला काही दर्जा असतो, सर. लातूरकडचा चौथा संघ कोणता, सांगा बरं. जो औशाला आलाच नाही, तो. त्याला नांदेडला आणून काय फोटो लावायचा गोलात?"

सगळे हसले. सरही हसले, कारण बाकीचे हसत होते. मला अजून चेव आला.

"आणि तुमच्या संघाचं म्हणाल, तर ज्यांना आपण कोणत्या बाजूनं खेळतोय हे कळत नाही, त्यांनी अंतिम फेरीची घाई करू नये."

सर खाली बसले. तीन हात आठसाठी वर गेले, तीन चारसाठी. सातवा माझा. मी तो जरा सावकाश वर केला, सगळ्यांना दिसावा म्हणून. चारच राहिले.

माझं म्हणणं चूक होतं का? आज ग्रुपवर तोच प्रश्न चाललाय, म्हणून सांगते. आठातले दोन-तीन संघ भंगार असणार, हे मी तेव्हाही बरोबर सांगितलं होतं. सांगितलं नाही ते एवढंच, की चारांतही एक भंगार होता, आणि तो माझा. एखादी चांगली पोरगी आत यावी म्हणून दोन-तीन भंगार संघांना चहा पाजावा लागला, तर पाजावा. आता नोकरी नाही, संघ नाही, त्यामुळं मला असा मोठेपणा परवडतो.

मी बाहेर आले तर ती पोरगी पायरीवर बसलेली. निवड समितीतले लोक बैठकीला असतील, नुसती ओळख तरी होईल, म्हणून सरांनी तिला सोबत आणलं होतं. मोजे मांडीवर ठेवलेले. मला बघून उठली.

"मॅडम, काय झालं?"

"चारच."

"मंग आमी?"

"पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी मी न्हाई ना मॅडम. माझं शेवटचं साल हाय."

"मग टीमला सांगायचं होतंस, जरा बरं खेळा म्हणून."

"टीम बरंच खेळली, मॅडम. मीच अडवून राहिले होते ना त्यायला."

तिनं हे इतकं सरळ सांगितलं की एखादीचं काळीज हललं असतं. छप्पन्न वर्षांच्या बाईनं गॉगल नीट केला आणि म्हणाली, "तोच धडा घे. दुसऱ्याच्या गोलात उभं राहायचं नसतं." असले धडे देण्यासाठीच सरकार मला पगार देत होतं.

पंधरा दिवसांनी अंतिम फेरी झाली. आमचा पहिलाच सामना नांदेडच्या एका संघाशी. माझी गोलकीपर मूळची कबड्डीची. तिची उंची बघून मी तिला गोलात उभी केली होती. कबड्डीत अंगावर चढाई आली की आधी बाजूला व्हायचं, हे तिच्या हाडात भिनलेलं. बॉल आला की ती अशी सफाईनं बाजूला व्हायची, की बघणाऱ्याला वाटावं, ही बॉलला वाट करून द्यायलाच उभी आहे. मध्यंतरापर्यंत चार झाले. मी कडेवरून ओरडले, "अगं, पकड त्याला!"

"मॅडम, लई जोरात येऊन राहिलाय!" ती गोलातून ओरडली.

सात-शून्य. माझा दर्जा.

संध्याकाळी निवड समिती बसली. दोन गोलकीपर घ्यायच्या होत्या. पहिली नांदेडची, तिच्याबद्दल वादच नव्हता. दुसरीवर गाडं अडलं. समितीतले एक वयस्क सर माझ्याकडं वळले. भला माणूस.

"मॅडम, नियम चार संघांचाच आहे, ते मान्य. पण राखीव म्हणून एखादं नाव आपण बसून घालू. अध्यक्षांना मी बोलतो. लातूरकडं कुणी बरी पोरगी आहे का? कुठल्याही कॉलेजची असू दे."

कुठल्याही कॉलेजची. ते हे दोनदा म्हणाले. मला फक्त शिरूर एवढा एक शब्द उच्चारायचा होता. पण तो उच्चारला, तर पंधरा दिवसांपूर्वी वर केलेला हात चुकीचा ठरत होता. आणि कॉलेजच्या वार्षिक अहवालात लिहायला माझ्याकडं सात-शून्यशिवाय काहीच राहत नव्हतं.

"आहे ना," मी म्हणाले. "आमचीच घ्या. उंची आहे. आणि आज तिला भरपूर अनुभव मिळाला."

सरांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि नाव लिहून घेतलं.

परतीला क्रूझर जीपमध्ये पोरी नाचत होत्या. आमच्यातली एक विद्यापीठाच्या संघात गेली म्हणून सात गोल सगळ्या विसरल्या. लोह्याच्या पुढं आलो असू, माझा फोन वाजला. शिरूरचे सर.

"मॅडम, यादी लागली म्हणे. पोरगी कधीची विचारायलीय, दुसरी गोलकीपर कोण घेतली म्हणून."

"लागली," मी म्हणाले.

पलीकडं फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

"मॅडम, कोणाला घेतलं?"

"आमच्या मुलीला."

मागं कुणाची तरी म्हैस ओरडत होती.

"आज सात खाल्लेली, तीच?"

"हो."

"मंग बरोबर हाय, मॅडम," ती म्हणाली. "गोलात जाऊन बॉल आणायचा तिच्याइतका सराव कुणालाच नसंल."

फोन तिनंच बंद केला. जीपमधल्या पोरी नाचायच्या थांबून माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"कोण होतं, मॅडम? काय म्हणाले?"

"शिरूरवाले," मी म्हणाले. "अभिनंदन म्हणाले."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गोलकीपरनं मान खाली घातली. तिला सगळं ऐकू गेलं होतं, ती माझ्या शेजारीच बसली होती.