प्लास्टर रूमवाल्याने घातलेली बंदी

अमेरिकेतल्या कुठल्या तरी बेसबॉलवाल्याला उत्तेजक घेतल्याबद्दल सस्पेंड केलं, की आमच्या मित्रमंडळींत लगेच 'चोर लेकाचे' सुरू होतं. मी गप्प बसत नाही. बसणारही नाही. बंदी भोगलेल्या एका बेसबॉलवाल्यामुळेच मी आज ताठ मानेने डॉक्टर म्हणवून घेते.

ऐंशीच्या दशकात मी कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलमध्ये भूल देणारी ज्युनिअर डॉक्टर होते. तिथल्या प्लास्टर रूममध्ये एक अमेरिकन होता, मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचा. तरुणपणी तिकडे पगारी बेसबॉल खेळलेला. दर रविवारी तो आम्हा स्टाफला मैदानावर जमवून खेळ शिकवायचा. मी पुण्यात गल्लीत क्रिकेट खेळलेली. चेंडू मारला की बॅट टाकून पळायचं सोडून ती हातात घेऊनच पळत सुटायचे, आणि तो कपाळाला हात लावायचा.

भूलतज्ज्ञ होण्यासाठीच्या फेलोशिपच्या परीक्षेत मी दोनदा आपटले होते. तिसऱ्यांदा नापास झाले असते तर गाशा गुंडाळून भारतात परत जावं लागलं असतं. ड्यूटी सांभाळून अभ्यास करायचा, तर वेळ आणायचा कुठून? वजन कमी करायच्या गोळ्यांची फुकटची सॅम्पल्स ड्रॉवरमध्ये पडलेली होती. एक घेतली की झोप पार पळायची. दोन महिने घेतल्या. नवऱ्यालासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

एका रविवारी माझ्याकडून अगदी सोपा झेल सुटला. त्याने मला बाजूला नेलं आणि हात पुढे करायला लावला. बोटं थरथरत होती. कुठल्या गोळ्या घेतेस, एवढंच त्याने विचारलं. तू कोण विचारणारा, म्हणून मी फणकारले. तेव्हा त्याने स्वतःचं सांगितलं. त्याच्या टीममध्ये मॅचआधी असल्या गोळ्या बरेच जण घ्यायचे. पुढे हा स्नायू वाढवायची इंजेक्शनंही घ्यायला लागला. टीमच्या मॅनेजरकडून पकडला गेला, सस्पेंड झाला, आणि बंदी उठेपर्यंत त्याची जागा दुसऱ्याला मिळाली होती.

"माझ्यामुळे फार तर मॅच गेली असती," तो म्हणाला. "तू उद्या माणसांना भूल देणार आहेस. आजपासून तू टीममधून सस्पेंड. आणि सकाळी कन्सल्टंटला तू सांग, नाहीतर मी सांगेन."

अस्सा राग आला मला! घरी येऊन भांडी आदळली. मेला स्वतः शेण खाऊन मला अक्कल शिकवतो, असं बडबडत होते. पण कप धरलेला हात काही स्थिर राहीना.

सोमवारी कन्सल्टंटना, म्हणजे आमच्या वरिष्ठ डॉक्टरांना, सांगून टाकलं. त्यांनी त्या दिवसाचे माझे पेशंट स्वतःकडे घेतले. तिसरी पेशंट होती चार वर्षांची मुलगी, टॉन्सिल्सची. ऑपरेशन संपता संपता तिचा घसा आवळला, श्वास अडला, ओठ निळे पडले. मी दारातून बघत होते. त्यांनी शांतपणे नळी घातली आणि ओठांवर रंग आला. माझ्या त्या हातांना ते जमलं नसतं.

तशीच प्लास्टर रूममध्ये गेले आणि त्याच्यासमोर भोकाड पसरून रडले.

ती परीक्षा हुकलीच. कन्सल्टंटनी खटपट करून मला मुदत मिळवून दिली, आणि पुढच्या वर्षी मी पास झाले. ती मुलगी आता कुणाची तरी आई असेल. तिच्या आईवडिलांना माझं नावसुद्धा माहीत नाही, आणि त्यासाठी मी त्या प्लास्टर रूमवाल्याची जन्मभर ऋणी आहे.