फळ्यावरची नामदेवची ओळ

पोळ्यानंतरचा सोमवार, सकाळ. विणकर सोसायटीच्या पडवीत हजर: अध्यक्ष, हिशेब लिहिणारी मी, सूत न्यायला आलेले विणकर, त्यांच्यातच नामदेव. आणि एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात खडू घेऊन फळ्यासमोर ते.

ते म्हणजे आमचे फळ्यावाले भाऊ. नोकरी सुताचं गोदाम सांभाळण्याची, पण ओळख फळ्याची. रोज सकाळी फळा पुसायचे, टाचा उंचावून वरच्या अर्ध्या भागात सूचना लिहायचे, मध्ये आडवी रेघ मारायचे आणि मागे वळून म्हणायचे, "खाली जागा सोडली हाये. बोला आता."

कचेरीतला फळा तुम्हीही पाहिला असेल. वरच्यांनी लिहायचं, खालच्यांनी वाचून पुढे जायचं. आमच्याकडे खडूचे तुकडे एका डब्यात घालून भाऊ तो डबा फळ्याखालीच ठेवत. वर 'सूत आले' असं असलं की खाली कुणी लिही, 'ओले आले.' त्याखाली दुसरा, 'तुझ्या घामाने झाले.' वर 'गाय हरवली' तर खाली, 'माझ्या अंगणात आहे. वैरण खाऊन राहिली. लवकर न्या.' कामाचं आणि घरचं एकाच फळ्यावर चाले. माझ्या दिवसभराच्या कामांची अर्धी यादी तिथूनच तयार होई.

त्या सोमवारी गांधीबागेतला व्यापारी मालासाठी खोळंबला होता. भाऊंनी लिहिलं, 'नामदेवने लुगडी आणून द्यावीत.' नामदेव समोरच होता. हसला, डब्यातून खडू उचलला आणि रेघेखाली लिहिलं, 'उद्या आणतो.' त्याचं अक्षर विचित्र होतं. उकाराचं पोट सुटलेलं आणि वरची रेघ कधीच नाही. दोरी तुटून वाळत घातलेले कपडे खाली पडावेत तशी अक्षरं.

भाऊंनी लगेच खाली जोडलं, 'उद्या म्हणजे कोणत्या महिन्यातला?'

झालं. पडवी हसली. दुपारपर्यंत खाली बोटभर जागा उरली नाही. 'मागावर कोळ्यानं घर केलं.' 'नामदेव झोपून राहिला, उठवू नका.' कुणी त्याचं तोंड उघडं ठेवून घोरतानाचं चित्रही काढलं. नामदेव सगळं वाचून झाल्यावर म्हणाला, "हसा गा, हसा." स्वतःही हसला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी लुगडी आली. डोक्यावर गाठोडं घेऊन त्याची बायको सरूबाई आली होती. "पुरी करून, घड्या घालून मागावर ठेवली," ती म्हणाली, "अन् निघून गेले. सांगितलं नाई, काई नाई." आम्ही स्टेशनवर माणसं पाठवली, उमरेडच्या नातेवाइकांकडे विचारलं. नामदेव कुठेच नव्हता.

भाऊंनी फळा पुसला. आधी स्वतःची ओळ, मग सगळ्यांच्या. नामदेवची तेवढी राहू दिली. त्या दिवसापासून सूचना त्या ओळीला वळसा घालून लिहिल्या जाऊ लागल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खांदे लागून ती पुसट झाली की भाऊ खडूने गिरवायचे. अध्यक्षांनी एकदा विचारलं, "काहून ठेवलं गा हे?"

"आणतो म्हणाला, आणली. त्याचा शब्द खरा झाला. तो याले पायजे अन् हे त्याले दिसाले पायजे."

खाली जागा सोडणं मात्र बंद झालं. डबा गोदामात गेला.

संक्रांतीच्या सुमाराला सरूबाई सुतासाठी आली. ती चौथीपर्यंत शिकलेली. फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "भाऊ, हे पुसून टाका."

"काहून, वयनी?"

"हे त्यायचं अक्षर नाई. त्यायनं कधी वरची रेघ ओढली का? हे तुमचं होय."

मी चष्मा नीट करून पाहिलं. खरंच होतं. रोज गिरवता गिरवता भाऊंच्या हाताने शिरोरेषा ओढली होती. उकाराचं पोटही आत गेलं होतं.

"त्याच्यावरच तर गिरवून राहिलो मी," भाऊ म्हणाले.

"गिरवू गिरवूच पुसलं तुमी."

ती गेली. भाऊ खडू हातात धरून उभेच होते.

नंतर गोदामाच्या फरशीवर खडूच्या खुणा दिसू लागल्या. मला वाटलं, गठ्ठे मोजत असतील.

एका सकाळी पडवीत पाऊल टाकलं तर माणसं गोळा झालेली. अख्खा फळा नामदेवच्या अक्षरात होता. 'सूत आले. सोमवारी न्यावे.' सुटलेलं पोट, वर रेघ नाही. खाली तीच, 'उद्या आणतो.' एक म्हातारा विणकर ओरडला, "नामदेव आला गा!" आणि दोघे सरूबाईच्या घराकडे पळाले.

भाऊ गोदामातून बाहेर आले. चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी आनंद होता. गर्दी कशासाठी जमली हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत सरूबाई धावत पोचली होती. हाताला सुताची खळ तशीच. तिने फळा पाहिला, मग आमची तोंडं, एकेक करून.

"कुठं हायेत?"

म्हाताऱ्याने फळ्याकडे बोट दाखवलं.

"मी लिहिलं, वयनी," भाऊ म्हणाले. "त्याचं अक्षर माह्या हातानं गेलं होतं. म्हटलं, परत आणून द्यावं."

ती पायरीवर बसली. भाऊंनी घाईने फडकं उचललं. तिने बसल्या बसल्याच त्यांचं मनगट धरलं. खळ त्यांच्या बाहीला लागली.

"नका पुसू," ती म्हणाली. "आता बराबर त्यायचं झालं."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी गोदामाची किल्ली पाठवून दिली. ते काटोलला बहिणीकडे गेल्याचं समजलं. उन्हाळ्यात तिथेच वारले. नामदेवची काहीच खबर नाही.

अध्यक्षांनी मला सांगितलं, "बाई, तेवढा फळा पुसून घ्या." मी यादीत लिहून घेतलं. फडकं भिजवून फळ्यापर्यंत गेलेही, एकदा नाही, अनेकदा. पण दर सोमवारी सरूबाई येते. रिकामी पिशवी काखेत धरून फळा वरून खालपर्यंत वाचते आणि मग माझ्यासमोर येऊन म्हणते, "सूत न्याले सांगितलं हाये."

मी सूत देते. नवीन सूत आलं की आम्ही आता घरोघर फिरून सांगतो. फळा पुसायचा राहिला आहे.