शांभवीनं संगणकाला दम खायला शिकवलं

कोल्हापूरच्या शाहूपुरीत संगणक दुरुस्तीची दुकानं रग्गड. पण पाटीवर बाईचं नाव असलेलं तेव्हा एकच होतं, शांभवीचं. ती मूळची नेसरीची. घरात कन्नड, गल्लीत मराठी. वडील बसाप्पा यांचं भुसारी मालाचं दुकान, आणि पोरीनं शिकून त्याच गल्ल्यावर बसावं ही त्यांची इच्छा. पोरीनं डिप्लोमा केला आणि थेट कोल्हापूर गाठलं. बसाप्पा तिच्या दुकानाच्या उद्घाटनाला आले नाहीत. अव्वा, म्हणजे आई, मात्र आली, आणि आल्या आल्या पदर खोचून काउंटर पुसायला लागली.

टाकून दिलेल्या जुन्या संगणकांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवून ते पुन्हा उभे करायचे, यात शांभवीचा हात बसला होता. शाळा, वाचनालयं तिच्याकडं येऊ लागली. तिचं नाव असंच कानोकानी मलकापूरच्या पुढं डोंगरात पोचलं, आणि एका उन्हाळ्यात जोतीराम गुरुजी दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

गुरुजी निवृत्त शिक्षक. आसपासच्या वाड्यावस्त्यांना ऐकू जाईल एवढं छोटं रेडिओ केंद्र ते गावकऱ्यांना घेऊन चालवत होते. तिकडं विजेचा भरवसा नाही, म्हणून केंद्राच्या छपरावर सोलर पॅनल आणि आत बॅटऱ्या. उन्हाळ्यात सगळं झकास चालायचं. पावसाळ्यात ढग बसले की बॅटऱ्या अर्ध्याच भरायच्या आणि संध्याकाळच्या बातम्यांआधी केंद्र बंद पडायचं.

"ऐन पावसात, लोकांना आमची गरज असती तवाच आमी मुके," गुरुजी म्हणाले. "बॅटरीवाला म्हणतोय, अजून बॅटऱ्या वाढवा. ते जमण्यातलं न्हाय. संगणक तरी जरा कमी वीज खाईल, असं काय करता येतंय का बघा की."

"डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काय सांगणार न्हाय," शांभवी म्हणाली. "येते."

केंद्र म्हणजे शाळेमागची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. एका संगणकावरून गाणी आणि कार्यक्रम लागायचे, दुसऱ्यावर रेकॉर्डिंग. माइकसमोर चिमणाबाई. त्या शेतात राबणाऱ्या, पण आवाज असा खणखणीत की त्यांच्याशिवाय केंद्राची सकाळ होत नसे. त्यांची तक्रार वेगळीच होती.

"ह्या डबड्याचा पंखा बंद कर आदी," त्या म्हणाल्या. "लोक इचारत्यात, मावशी, गिरणीत बसून बोलतीस व्हय?"

शांभवीनं संगणकामागं हात धरला. गरम झळ येत होती. आत तर नुसतं एक भजन चाललं होतं, एवढ्या कामाला यंत्र तापायचं कारण नव्हतं. तिनं प्रोसेसरचा वेग तपासला. तो सगळ्यात वरच्या टोकाला होता आणि तिथून हलतच नव्हता. दुसऱ्या संगणकाचंही तेच.

"मावशी, औत सुटल्यावर बैल पळवता काय तुम्ही?"

"येडी हायस काय?"

"हे यंत्र तेच करतंय. काम असू दे, नसू दे, जिवाच्या आकांतानं पळतंय."

प्रोसेसरला काम पाहून वेग कमीजास्त करता येतो, पण तसं त्याला सांगायला ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लागतो. तो ड्रायव्हर संगणकात होता. संगणक सुरू होताना तो कुणी उठवतच नव्हतं, एवढंच. शांभवीनं हुकूम देऊन तो लोड केला आणि वेग सगळ्यात खालच्या पायरीवर बांधून टाकला. पंखा हळूहळू निवला. खोलीत एकदम शांतता झाली आणि गुरुजी खुर्चीत सैलावून बसले.

ते समाधान दुपारपर्यंतच टिकलं. चिमणाबाईंचा थेट कार्यक्रम सुरू झाला, एकीकडं फोन, एकीकडं रेकॉर्डिंग, आणि त्यांचे शब्द तुटून तुटून बाहेर पडायला लागले. मंद केलेल्या यंत्राला तो भार पेलवेना. शांभवीनं घाईघाईनं वेग पुन्हा चढवला. तिचे कान तापले होते.

"मला तोतरी केलीस की गं पोरी," चिमणाबाई माइक बंद करून म्हणाल्या.

"माझं चुकलं. वेग नुसता बांधून चालणार न्हाय. काम आलं की त्याला पळता आलं पाहिजे."

लिनक्समध्ये त्याचीही सोय असते. वेग कधी वाढवायचा आणि कधी उतरवायचा, हे ठरवणारे वेगवेगळे नियम असतात. त्यातला मागणीप्रमाणं वेग देणारा नियम तिनं लावला. काम पडलं की प्रोसेसर उसळी घ्यायचा, काम सरलं की पुन्हा खाली यायचा. चिमणाबाईंनी मुद्दाम एक लांबलचक ओवी म्हणून पाहिली. एक अक्षर तुटलं नाही. शांभवी खुशीत कोल्हापूरला परतली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. "शांभवीताई, गिरणी परत चालू झालीया."

पहाटे दोन्ही संगणक बंद करून पुन्हा सुरू केले होते. हातानं लोड केलेला ड्रायव्हर संगणक बंद होताच विसरला गेला होता. हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, म्हणून शांभवी स्वतःवरच चिडली आणि मिळेल त्या एसटीनं निघाली. या वेळी तिनं ड्रायव्हरचं नाव सुरुवातीलाच वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये घातलं. मग तो जागा झाला की त्यामागून नियम आपोआप लागेल, अशी व्यवस्था केली. आधी ड्रायव्हर, मग नियम. उलटं झालं तर काहीच होत नाही. सगळं झाल्यावर ती उठली आणि सरळ मेन स्विच पाडला.

"अहो, हे काय?" गुरुजी दचकले.

"बघू तरी, ध्यानात ठेवतंय काय."

संगणक सुरू झाले. पंखे एकदा घुरघुरले आणि खाली बसले. चिमणाबाईंना खात्री पटेना, म्हणून त्यांनी स्वतः स्विच पाडून पाहिला. मग आणखी एकदा पाहिला. दर वेळी यंत्रं शहाण्यासारखी उठली. शेवटी त्या म्हणाल्या, "जमलं की गं." शांभवी पहिल्यांदा मोकळं हसली.

खरी परीक्षा ऑगस्टात झाली. पाऊस उघडायचं नाव घेईना. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. ऊन तर नव्हतंच. बॅटऱ्यांत जेमतेम साठा, आधीच्या वर्षी एवढ्यावर केंद्र दुपारीच गप झालं असतं. या वेळी संध्याकाळच्या बातम्यांना चिमणाबाई माइकवर होत्या. कुठला पूल पाण्याखाली गेला, कुठल्या शाळेत चूल पेटवलीय, सांगत होत्या. तेवढ्यात ग्रामसेवकांचा माणूस भिजत, धावत आला. डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर जायचा साकव वाहून गेला होता, आणि वाडीमागच्या उताराला भेगा पडल्या होत्या. निरोप पोचवायला दुसरी वाट उरली नव्हती.

"वाडीकरांनो, ऐका," चिमणाबाई म्हणाल्या. "हाय तसं उठा. जनावरांची दावी सोडा, पोरं काखंला मारा आणि बाजूच्या टेकावरच्या देवळात जावा. भांडीकुंडी राहू द्यात." हेच त्या सांगत राहिल्या, दारात उभ्या गुरुजींना समोर त्या देवळात कंदील हलताना दिसेपर्यंत.

उजाडताना उतार खाली आला. चार गोठे आणि दोन घरं मातीखाली गेली. माणूस एक नाही गेलं, जनावर एक नाही गेलं.

पाऊस ओसरल्यावर वाडीनं शाळेच्या पटांगणात सगळ्यांना जेवायला बोलावलं. शांभवीला न्यायला खास जीप आली. नेसरीहून अव्वा आली, आणि तिच्यामागून बसाप्पाही उतरले. ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. लेकीला मात्र म्हणाले, "दाखव की, काय केलंस ते." ती त्यांना खोलीत घेऊन गेली. इथं पूर्वी गरम झळ यायची, असं ती म्हणाली तसा त्यांनी चालू संगणकाच्या मागं हात धरला, बराच वेळ धरून ठेवला. मग कन्नडात म्हणाले, "पोरी, चांगलं काम केलंस."

गुरुजींनी शांभवीला माइकसमोर बसवलं. बोलायची सवय नव्हती, तरी ती धीटपणे बोलली. ड्रायव्हर म्हणजे काय, सोप्या शब्दांत सांगितलं आणि म्हणाली, ज्या शाळेला, वाचनालयाला हे करून पाहिजे त्यांनी हाक मारावी, मी येईन. बाहेर पटांगणात कर्ण्यावर तिचा आवाज येत होता आणि त्याखाली पंगत बसली होती. बसाप्पांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसलं.

"पावणं, माजी पोरगी हाय ती."