सेनापती ओर्द्रेनचा वकील

स्टाफान रिडेल बोलताना अडखळायचा. काही शब्द त्याच्या ओठांवर येऊन बसत आणि हलायचं नाव घेत नसत. शाळेत तोंडी परीक्षेच्या वेळी बाई त्याला वगळून पुढच्या मुलाकडे वळत. त्या हे दयेपोटी करत, आणि ती दया त्याला चिडवणाऱ्या पोरांपेक्षा जास्त लागे. आई होती तोवर तो व्हिस्काफोर्श या गावी तिच्याजवळच राहिला. ती गेल्यावर त्याने बोरोस शहरात पाचव्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि तो तयार कपडे, बूट, पडदे अशा मालाच्या एका मोठ्या गोदामात कामाला लागला. त्याच्या वाट्याला परत आलेला माल होता. लोक घरबसल्या कपडे मागवतात, एखाद्या लग्नाला घालून मिरवतात आणि 'बसत नाही' म्हणून परत पाठवतात. काखेत वास येतो का, कॉलरला पावडर लागलीय का, किमतीची चिठ्ठी कापून पुन्हा टाचलीय का, हे बघून कपडा घडी करायचा नाहीतर बाजूला टाकायचा.

टेबलाच्या पलीकडे मुनेव्हेरा असायची. अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, हाताला भलतीच चलाख. लढाईच्या काळात ती बोस्नियातून तान्ह्या मुलीला घेऊन इथे आली होती. तिच्या माहेरची माणसं त्या लढाईत गेली, एवढंच स्टाफानला ठाऊक होतं. त्याने कधी खोदून विचारलं नव्हतं, तिनेही सांगितलं नव्हतं. सुट्टीत ती डब्यातून साखरेचा खडा काढी, कॉफीत बुडवी आणि दाताखाली धरी. त्याच्या वाटची कॉफीही थर्मासमधून तीच ओती, आणि तो दालचिनीचे पाव आणी. सहा वर्षांत तिने त्याचं एकही वाक्य त्याच्या तोंडातून काढून घेऊन पुरं केलं नव्हतं. तो अडला की ती हातातला कपडा तसाच धरून थांबायची. असं थांबणारी माणसं त्याला आयुष्यात फार भेटली नव्हती.

पण स्टाफानचं खरं जगणं दुसरीकडेच होतं. राजे, चेटकिणी आणि लढाया असलेला संगणकावरचा एक जुना खेळ होता. जगभर त्याचे लाखो चाहते होते. त्या खेळात ओर्द्रेन नावाचा एक सेनापती आहे, खलनायकच. हाल्वेन शहराला वेढा पडतो तेव्हा तो तिथल्या लोकांना सांगतो, मिठाच्या खाणीत आसरा घ्या, मी तुम्हाला राखतो. बायकामुलं, म्हातारेकोतारे खाणीत उतरतात. मग तो खाणीची तोंडं बुजवून टाकतो. तीन हजार माणसं. खेळात हे दिसतही नाही, नुसतं कळतं. खाणीचं दार, त्यावर रचलेले दगड, आणि पुढे चाललेली फौज.

चाहत्यांमध्ये या एका गोष्टीवरून वर्षानुवर्षं रणं माजत. ओर्द्रेन राक्षस की नाइलाज झालेला माणूस? बहुतेकांना तो राक्षसच वाटे. स्टाफाननेही सुरुवातीला त्याची बाजू घेतली ती निव्वळ गंमत म्हणून. अवघड बाजू घ्यायची आणि जिंकून दाखवायची. लिहिताना तो अडखळत नव्हता. लेखणी हातात आली की शब्द कसे रांगेत येऊन उभे राहत. एका हिवाळ्यात त्याने चाळीस पानांचा लेख लिहिला. खाणीत शत्रूचे शिपाईही लपले होते. तीन हजार हा आकडा जिंकणाऱ्यांच्या कारकुनांनी फुगवला. दगड कुणी रचले हे डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार नाही. आणि तिथे थांबला असता तर ओर्द्रेनची स्वतःची माणसं मेली असती. मधे एक वाक्य होतं, ज्याच्यावर तो स्वतःच खूश होता. 'मेलेल्यांचा आकडा जिवंतांच्या गरजेप्रमाणे वाढत जातो.'

लेखाने धमाल उडवली. इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, कशाकशात त्याची भाषांतरं झाली. कुणी ते वाक्य सदऱ्यांवर छापलं. चाहत्यांच्या वार्षिक मेळाव्यात अनोळखी पोरं त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, तुम्हीच का ते ओर्द्रेनचे वकील? त्या दिवशी तो आगगाडीतून परत येताना खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघून हसला होता. चाळिशी उलटेपर्यंत त्याला कुणी कशाबद्दल शाबासकी दिली नव्हती.

बोरोसच्या ग्रंथालयात दर शनिवारी दुपारी चाहत्यांची बैठक भरे. तिथे व्हेन्डेला यायची. दातांच्या दवाखान्यात काम करणारी, पस्तिशीची, तोंडाने फटकळ. ती नेहमी त्याच्या विरुद्ध बाजूला. ती बोले आणि तो कागदावर उत्तर लिहून तिच्यापुढे सरकवी. ती ते मोठ्याने वाचून दाखवी आणि वाचता वाचताच हरे. त्या शनिवारांसाठी स्टाफान बाकीचे सहा दिवस कपडे हुंगत असे.

एप्रिलमधली गोष्ट. कॉफीच्या सुट्टीत मुनेव्हेराने मोबाईल त्याच्यापुढे धरला. शहरातल्या बोस्नियन मंडळाने त्यांच्या मेलेल्यांसाठी एक स्मृतिसभा ठेवली होती. त्या बातमीखाली कुणीतरी लांबलचक मजकूर टाकला होता आणि मुलीने तो आईला पाठवला होता, संतापून.

"मला वाचता येतं," मुनेव्हेरा म्हणाली. "पण हा गृहस्थ फार घोळून घोळून लिहितो. तूही लिहिणारा माणूस. जरा वाचून सांग बाबा, काय म्हणायचंय ह्याला."

स्टाफान वाचू लागला. दोन वाक्यं वाचली आणि त्याला ती ओळखू आली. खाणीच्या जागी शेती सहकारी संस्थेची शेड होती. ओर्द्रेनच्या जागी एका खऱ्या अधिकाऱ्याचं नाव होतं. हाल्वेनच्या जागी ड्रिना नदीकाठचं एक गाव होतं. बाकी स्वल्पविरामासकट सगळं त्याचं होतं. पुढच्या ओळीत ते वाक्य दिसलं. मेलेल्यांचा आकडा.

त्याचा आवाज बंद पडला. तो अडखळलाय असं समजून मुनेव्हेरा थांबली. नेहमीसारखीच, साखरेचा खडा बोटांत धरून, अजिबात घाई न करता.

"वाईट आहे," तो शेवटी म्हणाला. "नको वाचूस."

"वाईट आहे ते मला कळलंय. काय म्हणतो?"

"म्हणतो की... एवढी माणसं नव्हती."

तिने मोबाईल काढून घेतला आणि एप्रनच्या खिशात टाकला. मग त्या दिवशी पहिल्यांदाच तिने सांगितलं. त्या शेडमध्ये तिचे वडील होते आणि धाकटा भाऊ. भाऊ एकोणीस वर्षांचा. अकरा वर्षांनी त्याच्या मांडीचं हाड सापडलं, तेवढंच पुरलं. वडील अजून सापडायचे आहेत. दर उन्हाळ्यात ती गावी जाते, बेपत्ता माणसांचा शोध घेणाऱ्या कार्यालयात विचारते, परत येते. तिथल्या बाई आता तिला ओळखतात. ती दारातून आत आली की त्या 'नाही' अशी मान हलवतात, म्हणजे तिला विचारावंही लागत नाही.

तिने हे अगदी सपाट आवाजात सांगितलं, आणि घंटा झाली तशी ती उठून कामालाही लागली. स्टाफानने त्या दुपारी सोळा कपडे चुकीच्या पेटीत टाकले.

शनिवारी तो ग्रंथालयात गेला नाही. घरी बसून स्वतःची वाक्यं शोधत राहिला. शोधायला वेळ लागला नाही. आणखी वेगळ्या लढाया, वेगळे देश, ज्यांची नावंही त्याला नकाशावर दाखवता आली नसती, आणि सगळीकडे त्याचाच लेख. नावं खरवडून दुसरी भरलेली. जणू कुणासाठीही शिवलेला सदरा, ज्याला पाहिजे त्याने चढवावा. त्याने लिहिणाऱ्यांना पत्रं पाठवली: हे माझं आहे, एका खेळाबद्दल आहे, काढून टाका. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने आभार मानले. म्हणाला, तुमच्यामुळे आमचं काम फार सोपं झालं.

मग त्याने आपला मूळ लेख काढून टाकला. तासाभरात चाहत्यांनी जपून ठेवलेल्या प्रती जागच्या जागी आल्या. त्याने नवा लेख लिहिला, मी चुकलो म्हणून. त्यात त्याने एकेक मुद्दा खोडला. हा लेखही लोकांनी आवडीने वाचला, आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांना वाटलं, वकिलाने पक्ष बदलला, आता मजा येणार. दोन्ही लेख समोरासमोर लावून मतं मागवली गेली. पहिला लेख बऱ्याच फरकाने जिंकला. एका पोराने लिहिलं की म्हाताऱ्याची धार गेली. मुनेव्हेराबद्दल, शेडबद्दल त्याने शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर कुणीतरी उत्तर दिलं, इथे राजकारण आणू नका. आणि एकाने खाली त्याचंच वाक्य चिकटवलं.

पुढच्या शनिवारी तो बैठकीला गेला. व्हेन्डेला दाराशीच भेटली. सगळं तिने वाचलं होतं.

"मी तीन वर्षं तुझ्याशी भांडले," ती म्हणाली. "पण घरी जाताना मला कायम वाटायचं, ह्याला स्वतःला हे पटत नसणार. हा खेळतोय."

"पटत नव्हतंच."

"मग ते अजून वाईट रे, स्टाफान." ती रागावलेली नव्हती. "पटत असतं तर निदान तुला समजावता तरी आलं असतं."

आत कुणीतरी त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि नव्या वादाचा विषय सांगितला. तो तासभर बसला. कागद कोराच राहिला. त्यानंतर तो तिथे गेला नाही.

मुनेव्हेराला सांगायला त्याला तीन आठवडे लागले. रोज तो वाक्य ठरवून यायचा आणि कपड्यांच्या ढिगाआड ते तसंच राहायचं. शेवटी एका मंगळवारी, दोघं एकेक टोक धरून एक लांब पडदा घडी करत होती तेव्हा, त्याने सांगून टाकलं. फार वेळ लागला. ती पडद्याचं टोक धरून थांबली. त्याला वाटलं, या वेळी तरी हिने मधे बोलावं. ती बोलली नाही.

त्याचं झाल्यावर तिने विचारलं, "त्या खेळातली माणसं कोण होती?"

"कुणीच नाही. चित्रंसुद्धा नाहीत. नुसता आकडा."

"त्यांना नावं नव्हती?"

"नाही."

तिने घडी पुरी केली. हाताने दाबून कडा बसवली.

"तुला वाटतंय ते तुझं आहे," ती म्हणाली. "तुझं नाही ते. मी ते लढाईच्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं. आम्हाला बसमध्ये चढवत होते तेव्हा आमच्या शाळेचे मास्तर तिथे उभे होते, बंदूक घेऊन. मी विचारलं, माझे बाबा कुठेत? ते म्हणाले, तिथे शिपाई लपले होते. म्हणाले, लोक उगाच फुगवून सांगतात. म्हणाले, आमचा नाइलाज होता. सगळं हेच. फक्त त्यांना तुझ्यासारखं छान मांडता येत नव्हतं. ऐकताना कळायचं की हा माणूस खोटं बोलतोय. त्याला स्वतःलाही कळत होतं."

स्टाफानने लेख काढून टाकलाय म्हटलं, पत्रं पाठवतोय म्हटलं, आणखी पाठवीन म्हटलं. ती ऐकत होती, पण कपड्याकडे बघत.

"पाठव," ती म्हणाली. "मीही दर उन्हाळ्यात जाते."

सोमवारी तिच्या जागी दुसरंच कुणी होतं. मुकादम म्हणाला, तिचा खांदा दुखतो, तिने बुटांच्या विभागात बदली मागून घेतली. खांदा खरंच दुखत असेल. स्टाफानने पुष्कळदा तसं स्वतःला समजावलं. तिकडून जाताना ती दिसली की मान हलवून 'कसा आहेस' म्हणायची. राग नव्हता, पण थांबणंही नव्हतं. कॉफीच्या सुट्टीत ती तिच्या गावाकडच्या दोन बायकांबरोबर बसू लागली.

त्याने पत्रं पाठवणं सोडलं नाही. दर शनिवारी दुपारी बैठकीच्या वेळेला तो तेच करत बसे. एका ठिकाणचा लेख निघे आणि दोन ठिकाणी नवा दिसे. शरद ऋतूत खेळ बनवणाऱ्यांचं पत्र आलं. नव्या भागात ओर्द्रेन हा नायक असणार होता. चाहत्यांची तशी फार मागणी होती, आणि या मागणीला सुरुवात ज्यांच्या लेखनाने झाली त्यांना उद्घाटनाला बोलावण्यात त्यांना आनंद होता. हाल्वेनचा प्रसंग या वेळी अधिक समतोल दाखवणार होते. स्टाफानने चार ओळींत लिहून कळवलं की ते करू नका, आणि का ते. त्यांचं उत्तर नम्र होतं. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

पुढच्या वसंतात मुनेव्हेराने मुदतीआधी निवृत्ती घेतली. गोदामात केक कापला, मुकादम दोन शब्द बोलला, आणि ती एका टोकाकडून सगळ्यांचे हात हातात घेत आली. त्या उन्हाळ्यात ती गावी लवकर जाणार होती, जास्त दिवस राहणार होती. तिची मुलगी कुणाला तरी सांगत होती की त्या कार्यालयातल्या ओळखीच्या बाई आता निवृत्त झाल्या, नव्या मुलीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.

स्टाफानची पाळी आली. त्याने तोंड उघडलं. शब्द ओठांवर येऊन बसला. तिने त्याचा हात हातात घेतला, दोनदा हलवला, म्हणाली, "पाठ सांभाळ, वाकून काम करू नकोस," आणि पुढच्या माणसाकडे वळली. त्याच्यामागे अजून वीस-पंचवीस जण उभे होते. तो बाजूला झाला, केकची बशी खिडकीत ठेवली आणि टेबलाकडे परत गेला. सकाळची गाडी रिकामी झाली होती आणि नवा ढीग येऊन पडला होता.