टोपलीवरचा बेडूक

लोक अजून विचारतात, "बाई, एवढे अजस्र सरडे मेले, मग बेडूक कसे हो वाचले?" प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. उत्तर मला येतं, जन्मभर कॉलेजात तेच शिकवलं. पण बेडूक वाचले, हे आमच्या घरात मोठ्याने बोलायची सोय नव्हती.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा मी प्राणिशास्त्र शिकत होते. वरळीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं: आई, मी आणि माझा थोरला भाऊ. वडील कधीच गेले होते. भाऊ गिरणीत साच्यावर उभा राहायचा म्हणून मी कॉलेजात बसायची. टेकडीपाशी पाया खणताना काळसर, पाटीसारखे थरांचे दगड निघत, आणि एखाद्यात चिमुकल्या बेडकाचा सांगाडा जसाच्या तसा सापडे. असा एक जाडजूड दगड भावाने खांद्यावरून घरी आणला. "घे, तुला नवरा आणलाय," म्हणाला.

आईने तो सुक्या बांगड्यांच्या टोपलीवर ठेवून दिला, मांजरांच्या भीतीने. मी बोंबलले. ती मालवणची, ऐकते कसली! "एवढी वर्षा मातयेत पडलो होतो, आता जरा कामाक येवंदे."

संध्याकाळी गॅलरीत मी अख्ख्या चाळीला पिडायची. इथे लाव्हा वाहत होता, थरावर थर. मधे केव्हातरी शांत व्हायचं, तळी साचायची, बेडूक ओरडायचे, की पुन्हा लाव्हा. त्याच सुमाराला पृथ्वीवरचे बहुतेक जीव संपले. बलवान, देखणा, शहाणा, कुणाचाही मुलाहिजा नाही. जे लहान होते, चिखलात दडले, कुजकं-नासकं खाऊन राहिले, त्यांच्यातल्या काहींचा वंश टिकला. बेडकांचा टिकला. यात पराक्रम कसला?

"मग मोर्चाला कोण जाणार?" भाऊ हसायचा. "बेडूक?"

चाळीत रीत पडली होती. पोलिसांची गाडी वळली की टोकाच्या खोलीतली बाई थाळी बडवायची, ती ऐकून पुढची. मग हाताला येईल ते घेऊन सगळे गॅलरीत. सोड्याच्या बाटल्या, कोळसे, वरवंटेसुद्धा.

त्या दुपारी थाळ्या वाजल्या आणि आम्ही बाहेर येतो न येतो तोच गोळीबार सुरू झाला. खाली नळावर बादली भरत उभ्या असलेल्या माणसाचा जबडाच उडाला. बादलीतलं पाणी लाल झालं. त्याची बायको किंचाळत त्याच्यावर पडली, तर एक शिपाई तिच्या पाठीत लाठी घालायला लागला. एक, आणखी एक, थांबेचना मेला. आई धावत आत गेली आणि टोपलीवरचा दगड घेऊन आली. "तुमचा तळपट होवंदे!" म्हणून तिने तो दोन्ही हातांनी खाली टाकला.

थेट डोक्यात. शिपाई "आई गं!" करून कोसळला. मराठीतच ओरडला तो. आई कठड्याला धरून उभीच राहिली. "मेलो काय गो तो?" तिने मला विचारलं.

मग पोलीस वर आले. दारं फोडली, शेजारच्या म्हाताऱ्याच्या तोंडात बंदुकीचा दस्ता घातला. फौजदाराच्या हातात अर्धा दगड होता, त्यावर बेडकाचं डोकं. "हा कुणाच्या घरातला?" माझ्या कृपेने चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. कुणी ब्र काढला नाही.

आईने उंबऱ्याबाहेर पाय टाकला. भावाने तिला दंडाला धरून आत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि ओरडला, "माझा आहे! मी मारला!"

आई दारावर डोकं आपटत होती, "मी टाकलंय, माका धरा!" म्हणत होती. पण बाहेर ऐकतंय कोण? लाठीचा आवाज गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. मग त्याला पाय धरून जिन्यावरून ओढत नेलं. प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटल्याचं आम्ही आतून ऐकलं.

सोडलं तेव्हा तो दोघांच्या खांद्यावरून घरी आला. लघवीतून रक्त जात होतं. आठवडाही काढला नाही त्याने. शिपाई मात्र जगला, असं कळलं. आईने ऐकून घेतलं. "बरां झाला," एवढंच म्हणाली.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या. शेजारीण पेढे घेऊन आली आणि आईला म्हणाली, "तुमच्या लेकाचं सोनं झालं हो!" आईचं तोंड बघवेना, म्हणून मी, शिकलेली शहाणी, समजूत घालायला गेले. "आई, काही जातात, पण वंश टिकतो. बेडकांचा नाही का टिकला?"

ती उठली. दगडाचा दुसरा अर्धा भाग मी गटारातून शोधून आणला होता, तो तेव्हाही टोपलीवरच असायचा. तिने तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला. त्यावर बेडकाचे मागचे पाय होते, उडी मारायला दुमडलेले.

"वंश वाचलो म्हणतंस. आणि ह्यो?"

"हा मेला, आई."

"माझो ह्यो होतो गो. वंशाचा माका सांगू नको."

मग तिने पेढा कागदात गुंडाळून फडताळात ठेवला आणि दगड परत टोपलीवर.