संकष्टीच्या चंद्राआधी देवयानी

नेकनूरला एसटीतून उतरलो, तर स्टँडवर युनूस उभा. बीडच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तो विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करू लागला आणि साखरेच्या आजाराने त्याची नजरच खाल्ली. दोन दिवसांनी डोळ्यांचं ऑपरेशन होतं, पण डॉक्टर कसलीच खात्री देत नव्हते. त्याआधी एकदा देवयानी दीर्घिका बघायची, असा त्याने हट्ट धरला, म्हणून मी दुर्बीण घेऊन पुण्याहून आलो.

"लई वाळलास बे," माझा खांदा चाचपत तो म्हणाला.

घरी शबानाभाभींनी खिचडी-खट्टा (तीळ-चिंचेचं आंबट, पातळ कालवण) वाढला. मी नको नको म्हणत तीनदा घेतला.

दिवस कलताना स्कूटरवर निघालो. मी पुढे, मागे दुर्बीण कवटाळून युनूस. लिंबागणेशच्या पुढे माळावर चांगला अंधार असतो. मात्र त्या दिवशी संकष्टी होती. चंद्र उगवायच्या आत, म्हणजे अंधार पडल्यापासून दीडेक तासात, काय ते उरकायचं होतं.

"किती लांब हाय ती?"

"तिथून उजेड निघाला त्याला पंचवीस लाख वर्षं झाली. आपली आकाशगंगा, देवयानी आणि आसपासच्या बारक्या दीर्घिका ही सगळी एक भावकी. एकमेकींच्या ओढीने बांधलेली. भावकीबाहेरच्या बहुतेक लांब लांब चालल्यात. देवयानी मात्र आपल्याकडे येतेय."

"भावकी जवळ आली की बांधावरून भांडण ठरलेलंच!" तो असा हसला की स्कूटर झोकांडली.

लिंबागणेशला रस्त्यातच आम्हाला अडवलं. युनूसने कौतुकाने माजी सरपंचांना माझ्याबद्दल सांगून ठेवलं होतं. देवळाजवळ मांडव, हॅलोजनचे दिवे, माईक! मी बँकेतला कारकून, पण माईकवर "पुण्याचे थोर शास्त्रज्ञ" झालो.

"उशीर होतोय हो," मी म्हणालो.

"पाव्हण्याला सत्काराबिगर सोडायची रीत न्हाई आमच्यात," सरपंच म्हणाले.

शाल, नारळ, फेटा, मग एकामागून एक भाषणं. युनूस कानाशी लागला, "ऊठ ना बे, अंधार चाललाय." फेटा अर्धाच बांधून झाला होता. उठणं बरं दिसेना, आणि खरं सांगायचं तर मला आवडतही होतं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला, "उगवला, उगवला!" दिवसभराच्या उपाशी माणसांचे चेहरे खुलले. बायका ताटं घेऊन चंद्राला ओवाळू लागल्या. अख्ख्या गावात तोंडं उतरली ती आम्हा दोघांचीच.

तरीही माळावर गेलो. लांबट, धुक्यासारखी दिसणारी देवयानी चांदण्यात विरली होती. गाभ्याचा अंधुक ठिपका तेवढा मला सापडला. युनूस बराच वेळ वाकून बघत राहिला.

"न्हाई बे दिसत," तो म्हणाला.

सकाळी एसटीवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "ती इकडंच येतीया न्हवं? मंग पुढच्या खेपंला मोठी दिसंल."

माणसाच्या जन्मात ती तसूभरही मोठी दिसत नाही. मी म्हणालो, "दिसेल की."

एसटी लिंबागणेशला आली तेव्हा मांडव सोडत होते. ऑपरेशनचं पुढे काय होईल ते होवो, पण काल त्याच्या डोळ्यांत जी काही नजर उरली होती, ती मी हॅलोजनखाली बसवून ठेवली. पंचवीस लाख वर्षं चालून आलेला उजेड वेळेवर माळावर पोचला होता. मीच मांडवातून उठलो नाही.