अडुळशाशेजारची बरणी

चि. सई आणि आदित्य,

तुमच्या नव्या घराच्या फोटोत फाटकाजवळ गुलाबी फुलांचं झाड दिसलं. ती कण्हेर आहे. ती उपटा असं मी म्हणणार नाही. पण आक्काआजींचं काय झालं होतं ते आता तुम्हाला माहीत असायला हवं. आजवर मी "आक्कांचं आजारपण" एवढंच म्हणत आले.

तुमचे बाबा नुकतेच परदेशी गेले होते. आजोबांच्या थोरल्या बहीण आक्का राहू गावाहून आमच्याकडे शिरूरला येऊन राहिल्या होत्या. सकाळपासून त्यांना उलट्या होत होत्या. दवाखान्यात नाडी मिनिटाला अडतीस भरली. ईसीजीची पट्टी बघत डॉक्टरांनी विचारलं, "आजींनी आज काय घेतलं?"

"खोकल्यासाठी अडुळशाचा काढा, स्वतःच करून," मी म्हणाले. "घरचाच. पानं मीच वाळवून ठेवते."

"बरणी आणा."

आजोबा स्कूटरवरून ओट्यावर राहिलेली बरणी घेऊन आले. चिठ्ठीवर माझं अक्षर होतं, इंग्रजीत: कण्हेर, फक्त बाहेरून लावण्यासाठी. आजोबांच्या खरजेच्या तेलाकरता ठेवलेली पानं. अडुळशाची बरणी तिच्या शेजारीच असे, आणि चुरलेली वाळकी पानं सारखीच दिसतात. शाळेत नोकरीला असताना प्रयोगशाळेत लावायचे तशा मी घरातल्या सगळ्या बरण्यांना इंग्रजी चिठ्ठ्या लावल्या होत्या. आक्का मराठी पोथी घडाघडा वाचत. इंग्रजी त्यांना येत नाही, हे मला ठाऊक होतं.

कण्हेरीत कार्डियाक ग्लायकोसाइड्स असतात, म्हणजे थेट हृदयावर काम करणारी द्रव्यं. त्याच जातीचं डिगॉक्सिन नावाचं दुसऱ्या झाडातलं एक द्रव्य डॉक्टर अगदी मोजून औषध म्हणून देतात. आक्कांना हार्ट ब्लॉक झाला होता: ठोक्याचा इशारा हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली पोचत नव्हता.

"यावरचा उतारा आमच्याकडे नाही. पुण्यातही मिळेलसं वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. नाडी वाढवायला अ‍ॅट्रोपीनचं इंजेक्शन देऊन त्यांनी आम्हाला अँब्युलन्सने पुण्याला पाठवलं.

तिथे टेम्पररी पेसमेकर बसवला. मानेच्या शिरेतून हृदयापर्यंत तार जाते. ठोका चुकला की बाहेरचं यंत्र तो देतं. बाकी विष उतरेपर्यंत थांबायचं. मी नाडी आणि या विषाने वाढणारं रक्तातलं पोटॅशियम वेळ घालून वहीत लिहीत बसले. लिहून काही होत नव्हतं. रोज विचारत होते, जगतील ना? "आज सांगता येणार नाही," एवढंच उत्तर यायचं.

चौथ्या दिवशी आक्का बोलल्या. "सुमन, त्या बरणीत व्हतं तरी काय?"

मी सांगितलं. "चिठ्ठी लावली होती, आक्का. इंग्रजीत."

"आन् म्या काय मडम हाय व्हय? मंग मडमीलाच पाजायचा व्हता की काढा!"

त्या हसायला गेल्या आणि खोकला आला. मला हसता आलं नाही.

कुणाच्या पोटात कण्हेरीचं पान, फूल किंवा बी गेल्याची नुसती शंका आली, तरी त्रास सुरू व्हायची वाट पाहू नका. झाडाची फांदी घेऊन दवाखाना गाठा. आणि घरातल्या सगळ्यांना वाचता येईल अशाच चिठ्ठ्या लावा.

आक्का त्यानंतर आठ वर्षं जगल्या. घरी आल्यावर त्यांनी एकेक बरणी खाली काढायला लावली आणि चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या. कण्हेरीची पानं मी खड्ड्यात पुरली. ती बरणी मात्र ठेवली. तिच्यावर आक्कांच्या अक्षरात लिहिलंय: इख हाय, खाऊ नये.

बरणी रिकामी आहे. चिठ्ठी अजून वाचता येते.

तुमची आजी